पोरांना घेऊन त्सुनामी बेटावर, चतुर्थीच्या ओहोटीला

देवबागच्या त्सुनामी बेटावर आम्ही दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा चतुर्थीच होती, पहिल्यांदा दिवाळीतली भाऊबीजेनंतरची आणि दुसऱ्यांदा माघातली संकष्टी. पहिल्यांदा बेट दिसलंच नाही, म्हणजे होतं जागेवरच पण पाण्याखाली, आणि दुसऱ्यांदा पोरं तीन तास वाळूत लोळली. तिथी तीच, बेट तेच, बदललं ते फक्त घड्याळ. सांगली-मिरजेकडची निम्मी घरं सुट्टी लागली की मालवणला जातात आणि त्यातली बरीच आमच्यासारखीच भर दुपारी जेवून जेट्टीवर जाऊन उभी राहतात, म्हणून सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं.

आम्ही पाच जण. मी, आमचे हे, थोरली नऊ वर्षांची, धाकटा साडेचारचा, आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते. आमचं जुनं घर सांगलीच्या गावभागात. पावसाळा आला की आमच्याकडे सकाळी चहाआधी आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघतात, चाळीस फूट झाले की इशारा, पंचेचाळीस झाले की धोका, कोयनेतून किती सोडलं, वारणेला किती आहे, हे आमच्या थोरलीलासुद्धा पाठ आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आईंना पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून रबरी बोटीत उतरवून बाहेर काढलेलं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली. तेव्हापासून होडीचं नाव काढलं की आई विषयच बदलायच्या, आणि त्यांना कोणी समजावायलाही जात नव्हतं कारण जे झालं ते आम्ही सगळ्यांनीच जवळून बघितलेलं. त्यामुळे मालवणला जायचं ठरलं तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं, मी येते, पण मी काठावर बसणार, मला होडीत चढ म्हणायचं नाही.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल आणि मालवण. अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात आहे पण पोरं असली की सहा-साडेसहा तास धरायचेच. धाकट्याला गाडी लागते. घाटाआधी दाजीपूरला थांबून त्याला खाली उतरवलं, पोट रिकामंही नको आणि भरलेलंही नको म्हणून दोन बिस्किटं आणि आलेपाकाची वडी दिली, पुढच्या सीटवर बसवलं, तरी घाटात दोनदा थांबावं लागलंच. मला विचाराल तर पोरांना घेऊन निघताना घाट उजेडात उतरेल अशा हिशोबाने निघा आणि पहिला दिवस फक्त पोचण्यासाठी ठेवा, त्या दिवशी काही बघायचं ठरवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधुदुर्ग. मालवणच्या धक्क्यावरून होडीने दहा-पंधरा मिनिटं. आई धक्क्यावर बसल्या, सोबतीला एक मासेवाली मावशी मिळाली त्यांना, दोघींच्या तासभर गप्पा झाल्या. किल्ल्याबद्दल मी काय सांगणार, शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला काम सुरू केलं, आत राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. थोरलीच्या चौथीच्या पुस्तकातला सगळा इतिहास तिला समोर उभा दिसत होता, ती एकेक बुरूज बघत चाललेली. तिला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं पाणी, कसं काय? ह्यांनी तिला सांगितलं की पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून वर राहतं. ती विहिरीत वाकून बराच वेळ बघत होती. आणि धाकट्यासाठी आतच एक छोटीशी वाळूची जागा आहे तटाला लागून, राणीची वेळा म्हणतात तिला, ताराराणी तिथे स्नानाला यायच्या असं सांगतात. इवलीशी पुळण, पण त्याला तेवढी पुरली. तो तिथून उठायलाच तयार नव्हता, आणि खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं की या वयाच्या पोराला बुरूज नको असतात, वाळू आणि पाऊल बुडेल एवढं पाणी पाहिजे असतं.

मग त्याला उचलला, म्हटलं दुपारी आपण एका मोठ्या वाळूच्या बेटावर जाणार आहोत, तिथे सगळी वाळूच वाळू. जेवलो, आणि देवबागला जेट्टीवर पोचलो तेव्हा दोन वाजलेले.

देवबाग म्हणजे एक चिंचोळी पट्टी, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि टोकाला संगम. आमच्या हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे तसा इथे नदीचा आणि समुद्राचा. त्या खाडीत संगमाच्या जवळ वाळूचा एक बांध आहे तेच हे त्सुनामी बेट. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ही वाळू वर आली असं तिथले लोक सांगतात, म्हणून ते नाव. ओहोटीला उघडं पडतं, भरतीला जातं पाण्याखाली. हे मला आज माहिती आहे. त्या दिवशी माहिती नव्हतं, आणि आम्ही ज्याच्याकडे पैसे भरले त्यालाही ते सांगावंसं वाटलं नाही. मी दोनदा विचारलं, लहान मुलं आहेत, वाळूत खेळता येईल ना? हो हो, सगळे तिकडेच चाललेत ना. बोटीत बसलो, अंगावर मोठ्या माणसांची लाइफ जॅकेटं, धाकट्याचं जॅकेट त्याच्या गुडघ्यापर्यंत आलेलं, आणि दहा मिनिटांत बोट थांबली ती पाण्याच्या मधोमध. म्हटलं बेट कुठाय? तर म्हणाला हेच, उतरा.

कमरेएवढं पाणी. खाली पायाला वाळू लागत होती एवढंच. आजूबाजूला माणसं उभी, कोणी फोटो काढतंय, जेट स्की गरागरा फिरतायत, त्यांच्या लाटा पोरांच्या तोंडावर येतायत. थोरलीच्या छातीच्या वर पाणी आणि धाकट्याचे तर पायच टेकत नव्हते. ह्यांनी त्याला खांद्यावर घेतलं ते चाळीस मिनिटं खाली ठेवलं नाही. त्याच्या एका हातात प्लास्टिकची बादली, दुसऱ्या हातात फावडं, आणि तो खांद्यावरून सारखा एकच विचारत होता, पप्पा वाळू कुठाय? मोठ्या माणसांना मजा येत असेल, येऊ दे, पण त्याला "खाली आहे रे बाळा" म्हणून सांगताना मला जे वाटलं ते मी विसरणार नाही. बोट परत यायची वेळ ठरलेली, मधे निघताही येईना. पैसे परत मागितले तर म्हणे भरती-ओहोटी काय आमच्या हातात आहे का. हातात नाही हे मलाही कळतं हो. पण माहिती तर होती ना. ती लहान पोरं बघून सांगायला काय लागत होतं?

संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या घराच्या अंगणात बसलेलो. त्या घरातले आजोबा, सत्तरी ओलांडलेले, उभा जन्म होडीवर गेलेला, जाळं घेऊन काहीतरी विणत होते. पोरगं का रुसलंय म्हणून त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. जाळं बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "वयनी, येळ चुकलास तुमी. भरतीच्या येळेक बेट खंय दिसतला? आज तिथी खयची?"

मी ह्यांच्याकडे बघितलं, हे माझ्याकडे. उत्तर आलं ते आईंकडून. "चतुर्थी."

"चार त्रिक बारा. बाराक चारान भागा. तीन. म्हणजे तीनक भरती, सकाळी नऊक ओहोटी. झाला."

एवढंच. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येतील तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्याच्या साधारण सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. पक्ष कुठलाही असो, शुद्ध किंवा वद्य, हिशोब तोच, कारण पाणी चंद्राच्या मागे जातं आणि तिथीही चंद्राचीच. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते ते यामुळेच. आजोबा म्हणाले मालवणकडे अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, घड्याळ लावून बसू नका, पण घरातून निघायला एवढा हिशोब पुरतो. पुढे असंही सांगितलं की पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जेवढं जास्त चढतं तेवढंच जास्त उतरतंही, आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढणं-उतरणं दोन्ही कमी, त्यामुळे ओहोटीलाही बेट पुरतं उघडं पडत नाही. लहान पोरं असतील तर तिजेपासून पंचमीपर्यंतचा काळ धरा, ओहोटी सकाळी आठ ते दहाच्या मधे येते, ऊन कोवळं असतं आणि पाणीही बऱ्यापैकी उतरलेलं असतं.

म्हणजे आम्ही दिवस नुसता उलटा लावलेला. सकाळी बेट आणि दुपारी किल्ला केला असता तर काहीच झालं नसतं.

त्या रात्री आईंनी आजोबांना चार-पाच प्रश्न विचारले. एकादशीला किती वाजता? अकरा त्रिक तेहतीस, सव्वाआठला भरती, दोन-सव्वादोनला ओहोटी. अमावास्येला? पंधरा धरायचे, सव्वाअकरा. मी बघत होते, ज्या बाईने त्या पुरापासून पाण्याचा विषय काढू दिला नव्हता ती बोटांवर समुद्राचा हिशोब करत होती. मला वाटतं त्यांना जे हवं होतं ते तेच होतं. नदीचं पाणी कधी वाढेल ते कुणाच्या हातात नसतं, वर किती पडला, धरणातून किती सोडलं, सगळी वाट बघायची. हे पाणी मात्र सांगून येतं आणि सांगून जातं.

सांगलीला परत आल्यावर आई कालनिर्णय घेऊन बसल्या. शाळेला शनिवार-रविवार जोडून सुट्टी, परीक्षा नको, थंडी कमी झालेली पाहिजे पण ऊन तापलेलं नको, आणि तिथी तीज ते पंचमी. पावसाळ्यात होड्या बंद असतात आणि एप्रिल-मे मध्ये वाळूवर दहानंतर पाय ठेवता येत नाही, म्हणून माघातली संकष्टी निघाली, शनिवारी. त्यांचा त्या दिवशी उपवास असतो, तरी त्यांनीच ती तारीख काढली. उपवासाला काय, साबुदाण्याची खिचडी डब्यात घालून नेता येते म्हणाल्या.

मी मधल्या काळात एकच मोठी गोष्ट केली, पोरांची स्वतःची लाइफ जॅकेटं घेतली. मोठ्यांचं जॅकेट लहान पोराला घालणं म्हणजे न घातल्यासारखंच, पाण्यात पडलं की जॅकेट वर जातं आणि पोर खालून निसटतं. वजनावर साईज असते ती बघून घ्यायची. आणि चार-पाच वर्षांच्या पोरासाठी दोन पायांच्या मधून जाणारा पट्टा असलेलंच घ्यायचं. घातल्यावर खांद्याच्या पट्ट्यांना धरून पोराला वर उचलून बघा, जॅकेट हनुवटीच्या वर, कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. धाकट्याला मी घरी हॉलमध्ये असं चार वेळा उचलून बघितलं. त्याला वाटलं खेळच आहे, तो पुन्हा पुन्हा जॅकेट घेऊन यायला लागला, ते बरंच झालं, तिथे गेल्यावर घालायला रडला नाही. मोठ्यांसाठी बोटीवर असतात त्यांची बक्कलं आणि फाटलेलं कापड बघून घ्यायचं, तुटकं दिलं तर दुसरं मागायचं, लाजायचं नाही.

शुक्रवारी मुक्कामाला त्याच घरी गेलो. बोटही आजोबांनीच त्यांच्या ओळखीच्या तांडेलाची, म्हणजे होडी चालवणाऱ्याची, ठरवून दिली. या वेळी मी आधीच सगळं बोलून घेतलं, बोट फक्त आमचीच की शेअरिंगची, बेटावर किती वेळ थांबणार, मधे पोर कंटाळलं तर परत आणणार का, आणि बोटीत माणसं किती. तांडेल काका म्हणाले मी बेटाला बोट लावूनच बसणार, तुम्ही म्हणाल तेव्हा निघू.

सकाळी सव्वासातला जेट्टी. खाडीवर धुकं होतं पातळ. आई नेहमीप्रमाणे काठावर बसतील म्हणून मी त्यांची खुर्ची घेतलेली. तर त्यांनी पदर खोचला, काकांना विचारलं, किती माणसं घेता? सहा. आम्ही पाच आणि तुम्ही एक? व्हय. मला जॅकेट द्या. थोरलीने त्यांचा हात धरला आणि त्या चढल्या. कोणी काही बोललं नाही. बोट सुटल्यावर त्यांनी डोळे मिटून गणपतीचं नाव घेतलं आणि मधे खाडीत गेल्यावर उघडले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, पण हात त्यांच्या पाठीवर होता, आणि ते जॅकेटच्या वरूनसुद्धा कळत होतं की श्वास हळूहळू जाग्यावर येतोय.

आम्ही पोचलो तेव्हा बेट अजून पाण्यातून वर येतच होतं. मधे एक पिवळसर पाठ दिसत होती, ओली, चकाकणारी, आणि कडेने पाणी मागे सरकत होतं. पंधरा मिनिटांत ती पाठ दुप्पट झाली. स्टॉल अजून उघडायचे होते, जेट स्की नाही, गाणी नाहीत, फक्त आम्ही आणि लांब दोन बायका वाकून वाळूत काहीतरी उकरत होत्या, तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढत असतील. धाकट्याने बोटीतून उतरून दोन्ही हातांनी वाळू उचलली आणि आज्जीला दाखवली, आज्जी वाळू!

वाळू वर आल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी थोरलीने हाक मारली. तिच्या पायाजवळ जमिनीवर मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या, वाळूच्या गोल गोळ्या पडलेल्या, शेकडो. एका भोकापासून निघून किरणांसारख्या चारी बाजूंना पसरलेल्या. आम्ही तिथेच उकिडवे बसलो, हललो नाही. दोन मिनिटांनी भोकातून खेकडा बाहेर आला, नखाएवढा, वाळूच्याच रंगाचा, हलला तरच दिसणारा. दोन्ही नांग्यांनी भराभर वाळू तोंडात भरायचा, त्यातलं जे काय खायचं ते काढून घ्यायचा, आणि उरलेल्या वाळूची गोळी करून पायाने मागे टाकायचा. एक गोळी, एक पाऊल पुढे, दुसरी गोळी. भोकापासून एका रेषेत लांब जायचा, मग परत येऊन नवी रेघ धरायचा. थोरलीने मोजलं, तिने मोजायला सुरुवात केल्यापासून चाळीसच्या वर गोळ्या झाल्या. मी थोडी मान हलवली तर सगळे एकदम गायब, जणू कुणी बटण दाबलं. आणि मिनिटभर गप्प बसलं की परत सगळीकडे वर. काका म्हणाले ओहोटीभर हे असंच चालतं, पाणी चढायला लागलं की आत जातात आणि भोक बुजवून घेतात. थोरली तिथे पाऊण तास बसली होती. तिला मी शाळेत, ट्यूशनला, टीव्हीसमोरसुद्धा एवढा वेळ एका जागी बसलेली बघितलेली नाही.

आता एक गोष्ट जी सांगायलाच पाहिजे. आठच्या सुमाराची. धाकट्याचा हलका प्लास्टिकचा चेंडू वाऱ्याने पाण्यात गेला. आमचे हे माई घाटावर कृष्णेत पोहायला शिकलेले, लहानपणापासून पाण्यातले, त्यांनी जराही विचार न करता उडी घेतली, जॅकेट काढून ठेवलेलं. चेंडू दहा-पंधरा हात पुढे, हे चार हात मारतायत आणि चेंडू तेवढाच पुढे. मला वाटलं आत्ता धरतील. मग माझ्या लक्षात आलं की हेही आम्हाला लांब दिसायला लागलेत. ओहोटी अजून चालू होती, सगळी खाडी संगमाकडे रिकामी होत होती आणि त्या ओढीत चेंडूही चाललेला आणि हेही. काका बोटीवर उभे राहून जोरात ओरडले, "चेंडू सोडा! चेंडू सोडा आनि आडवे येवा, आडवे!" ह्यांनी ऐकलं. उलट दिशेला न मारता बेटाच्या बाजूला तिरके हात मारत आले आणि बऱ्याच खाली जाऊन त्यांचे पाय वाळूला लागले. चालत परत आले तेव्हा ओठ पांढरे पडलेले. खाली बसले आणि म्हणाले, नदीत एवढी ओढ असती तर मला वरून दिसली असती, इथे वरून काहीच दिसत नव्हतं गं.

त्यानंतर आम्ही बोटीतला दोर घेऊन वाळूवर सरळ टाकला, खाडीच्या आतल्या बाजूला जिथे पाणी उथळ आणि स्थिर होतं तिथे, आणि पोरांना सांगितलं दोराच्या पलीकडे कुणी जायचं नाही, पप्पासुद्धा नाही. संगमाकडच्या टोकाला तर मुलांना घेऊन जायचंच नाही, तिकडे फोटो कितीही चांगले येत असले तरी. पूर्ण ओहोटीच्या वेळी, नऊ-सव्वानऊला, पाणी थोडा वेळ गप्प उभं राहतं, ना जातं ना येतं, पोरांना पाण्यात बसवायची वेळ ती. आणि चेंडू, हवेच्या ट्यूब, तरंगणारं काहीही नेऊ नका. बादली आणि फावडं पुरतं. चेंडूसाठी धाकटा थोडा रडला, मग तोच म्हणाला, समुद्राला पण खेळायला पाहिजे.

बाकीचं थोडक्यात सांगते. बेटावर झाड नाही, सावली नाही, मोठी छत्री आणि तिचा दांडा खोल पुरायला एक पाइपचा तुकडा नेला होता तो फार उपयोगी पडला. पोरांना पूर्ण बाह्यांचे जुने टी-शर्ट, टोपी. पाणी पाच लिटर, खारट हवेत पोरं सारखी मागतात. खायला सुकं न्यायचं, आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि घरची भडंग नेलेली, भडंगेत मात्र वारा सुटला की वाळू जाते, झाकणाच्या डब्यातूनच खायची. बेटावर संडास नाही, म्हणून निघायच्या आधी सगळ्यांना जाऊन यायला लावायचं आणि तरी पोराला लागली तर पंधरा मिनिटांत किनाऱ्याला पोचता येईल अशी बोट हाताशी पाहिजे, आमची होती. आणि अंगाची वाळू काढायला ओलं पुसू नका, आधी अंग वाळू दे, मग टाल्कम पावडर लावून कोरड्या पंचाने झटका, सगळी गळून पडते. हे मला त्या घरातल्या काकूंनी सांगितलं, गाडीतली निम्मी वाळू वाचली.

साडेदहा वाजले आणि थोरली पळत आली. मम्मी, खेकडे आत चालले. खरंच, मघाशी जिथे शेकडो होते तिथे एकही नाही, भोकं बुजलेली, आणि पाण्याची एक पातळ जीभ गोळ्यांच्या रेषांवरून आत येऊन परत गेली. गोळ्या विरघळल्या, वाळू पुन्हा सपाट. आई उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, चला, त्यांची वेळ झाली तशी आपली पण झाली. अकराला आम्ही जेट्टीवर होतो. तिथे गाड्यांची ही मोठी रांग, एक बाई दोन लहान मुलींना घेऊन पैसे भरायला उभी होती. आई सरळ तिच्याकडे गेल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, पण त्या बोटांवर मोजत होत्या आणि ती बाई ऐकत होती, आणि मग तिने नवऱ्याला हाक मारून रांगेतून बाहेर बोलावलं.

दुपारभर पोरं झोपली. रात्री चंद्रोदयाला नऊ वाजून गेलेले, काकूंनी आईंसाठी ताज्या खोबऱ्याचे मोदक उकडलेले, आम्ही सगळे खाडीच्या बाजूला अंगणात उभे, आईंच्या हातात ताम्हन. माडांच्या मागून चंद्र वर आला, तांबूस, एका बाजूने खाल्लेला. आईंनी अर्घ्य दिलं, हात जोडले, आणि मग तशाच उभ्या राहून अंधारात संगमाच्या दिशेला बघत राहिल्या.

"किती वाजले गं?"

"साडेनऊ होत आले."

"म्हणजे परत उघडं पडलं असेल आत्ता."

धाकटा माझ्या कडेवर झोपेतच होता. थोरलीने आज्जीचा पदर ओढला आणि हळूच विचारलं, आज्जी, खेकडे रात्री पण बाहेर येत असतील का गं?